नवमीला न थांबलेली रेघ

सर्जापूर रोडच्या वळणावर काल कोहळ्यांचा ढीग पडला. दरवर्षी पडतो. आदल्या दिवशी तिथं नुसती धूळ असते, दुसऱ्या दिवशी बघावं तर कमरेएवढा ढीग, अंगावर पांढरी पूड धरलेले कोहळे, शेजारी लिंबांची पोती, केळीचे खुंट आणि झेंडूच्या माळा. बेंगळुरूत नवरात्र आलं हे मला देवीमुळं कळत नाही, या कोहळ्यांमुळं कळतं. आमच्या निपाणीकडं कोहळा म्हणजे सांडगे. इथं आयुधपूजेला तो प्रत्येक यंत्रावरून आणि गाडीवरून ओवाळतात, आत कुंकू भरतात आणि रस्त्यावर आपटतात. दोन दिवस सगळ्या शहरात त्या लाल फोडी पडलेल्या असतात आणि स्कूटरवाले घसरत असतात. मी स्वतः दोनदा घसरलेय.

पण यंदा तो ढीग दिसला आणि मी मान फिरवली. रिक्षावाल्यानं विचारलं, "एनु मॅडम, कोहळा पायजे काय?" मी म्हटलं, "बेडा, बेडा, चला पुढं." नको म्हणायला एकदा पुरलं असतं, पण मी दोनदा म्हटलं आणि जरा जोरातच म्हटलं. बिचारा आरशातून बघत राहिला.

माझं काम काय, हे मी सासूबाईंना तीनदा समजावलंय आणि तिन्ही वेळा त्यांनी विचारलंय, "म्हणजे कॉम्प्युटरच ना?" कॉम्प्युटरच. सूर्याच्या पोटात जी ऊर्जा तयार होते ती इथं जमिनीवर तयार करायचा खटाटोप जगभर चालू आहे, त्यातला एक बारीकसा कोपरा आमचा. त्यासाठी वायू इतका तापवावा लागतो की त्याला कुठल्याही भांड्याला टेकवता येत नाही. मग त्याला चुंबकाच्या पिंजऱ्यात अधांतरी धरायचं. आमचा पिंजरा स्टेलरेटर जातीचा. मेदुवड्यासारखा गोल, मध्ये भोक, पण वडा करताना कुणीतरी चिडून पिळल्यासारखा. हा पीळ भोवतीच्या चुंबकी वेटोळ्यांवर ठरतो, आणि ती वेटोळी ज्या पोलादी साच्यात बसवतात त्या साच्यावर वेटोळ्यांचा आकार ठरतो. साचा एकदा कापला की कापला.

आतला वायू मात्र गप्प बसत नाही. चुलीवरचं वरण आतून ढवळून निघतं आणि तळाची आच वर येते, तसे त्याच्यात बारीक बारीक भोवरे उठतात आणि मधली उष्णता बाहेर घेऊन जातात. या खळबळीनं आमच्या धंद्याचा जीव खाल्लाय. कुठल्या आकाराच्या पिंजऱ्यात ती किती होईल हे आधीच गणितानं सांगायचं, आणि त्यातल्या त्यात शांत आकार निवडायचा, हे माझं काम. धातू कापायच्या आधी.

गणित चालू केलं की पडद्यावर एक रेघ सरकायला लागते. उष्णता किती बाहेर चाललीय, त्याची रेघ. आधी ती एकदम उसळते, मग खाली येते आणि थोडी हेलकावत एका पातळीवर स्थिर होते. ती पातळी म्हणजे उत्तर. एकेका आकाराला अख्खा दिवस जातो, लांबच्या मोठ्या कॉम्प्युटरवर आपली पाळी यायला थांबावं लागतं, म्हणून आमच्याकडं एक रीत पडून गेली होती. रेघ बसली की थांबव. हे निखिलचं वाक्य. निखिल म्हणजे आमच्या छोट्या कंपनीचा मालक, पुण्याचा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि कायम घाईत. "मेघा, बसली ना रेघ? मग थांबव, नेक्स्ट शेप लाव." बसली की नाही हे मी ठरवायचं. नजरेनं. चार वर्षं मी ते ठरवत होते आणि मला स्वतःच्या नजरेचा, खरं सांगते, माज होता.

त्याच नजरेनं गेल्या वर्षी आम्ही एक आकार निवडला. त्याची रेघ उसळली, खाली आली आणि जमिनीला चिकटून झोपली. इतकी शांत रेघ मी आयुष्यात बघितली नव्हती. निखिलनं सगळ्या ऑफिसला मैसूरपाक वाटला.

साचा कापायचं काम मल्हारी अण्णांकडं दिलं. के. आर. पुरमच्या रेल्वेपुलापलीकडं त्यांचा कारखाना. मूळ बेळगावजवळचे. घरात मराठी, कारखान्यात कन्नड, आणि मशीन अडलं की दोन्ही भाषांत शिव्या. वयानं माझ्या दुप्पट, तरी मला अक्का म्हणतात. पहिल्यांदा आमचा नकाशा बघितला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"अक्का, हे काय वाकडंतिकडं काढलंयस? सरळ कायतर काढायचं की."

"सरळ काढलं तर उष्णता पळते, अण्णा."

"मग पळू दे की स्वल्प."

आणि दोघंही हसलो. त्यांचा मुख्य कारागीर रंगप्पा मात्र हसला नाही. तो नकाशा उलटा, सुलटा, आडवा धरून बघत होता. वीस वर्षं अण्णांकडं काढलेला माणूस, दिवसाला दहा वाक्यं बोलत असेल. अण्णांकडं कुठल्याही नव्या कामाचा पहिला काप रंगप्पाच्याच हातचा, ही तिथली पद्धत. पण अण्णांनी जाहीर केलं, "ह्या कामाचं बटण अक्का दाबणार. विजयादशमीला, मुहूर्तावर." मी रंगप्पाकडं बघितलं. त्यानं मान हलवली, सरी, म्हणजे बरं, म्हणाला आणि नकाशाची नीट घडी घातली.

आता ते तीन दिवस.

अष्टमीच्या संध्याकाळी मी त्याच निवडलेल्या आकाराचं गणित पुन्हा एकदा चालू केलं. संशय आला म्हणून नव्हे हो. फायलीला एक स्वच्छ प्रत हवी म्हणून. नवमीच्या दुपारी रेघ बसली की थांबवायचं, एवढंच काम. नवमीला सकाळी आंघोळ करून आले तर माझा लॅपटॉप देवापुढं पाटावर. सोबत विळी, मिक्सर, नवऱ्याचं हेल्मेट आणि शिवणाची कात्री. लॅपटॉपच्या झाकणावर हळदीकुंकू, वर शेवंतीचं फूल.

"अहो आई, एक बटण दाबायचंय फक्त."

"तेच दाबायचं नाही. खंडेनवमी आहे. उद्या उत्तरपूजा झाली की घे."

"पण ते तिकडं चालू राहील ना."

"चालू दे. तू हात लावू नकोस म्हणजे झालं."

मला हसू आलं. एक दिवस बिनकामाचा मिळतोय तर कशाला वाद घाला, म्हणून मी ऐकलं. श्रीखंडपुरी खाऊन दुपारी छान ताणून दिली. माझं आयुध पाटावर विसावलं होतं आणि खरं यंत्र कुठंतरी लांब, थंडगार खोलीत, चालतच होतं. त्याला कुठली खंडेनवमी!

दशमीला सकाळी सात वाजता सासूबाईंनी अक्षता टाकून पाट हलवला आणि मी झाकण उघडलं. मी जिथं रोज थांबवत होते तिथपर्यंत रेघ तशीच होती, शांत. तिथून पुढं ती वर चढत होती. हळूहळू, कुणाला न विचारता. शेवटी शेवटी ती आम्ही नाकारलेल्या वाईट आकारांच्याही वर गेली होती. भोवऱ्यांना दाबून धरणारे आडवे प्रवाह असतात, ते काही काळ खळबळ आवरतात. या आकारात ते हळूहळू सुटत गेले असणार. मला ते दिसलं नाही, कारण ते सुटायच्या आत मी प्रत्येक वेळी उठून निघून गेले होते.

मी रेघ पुन्हा पहिल्यापासून बघितली. चहा गार झाला. खाली निखिलची गाडी हॉर्न वाजवत होती.

एरवी सर्जापूर रोडवरून के. आर. पुरमला जायला दीड तास ही काही तक्रार नसते, नशीब समजायचं. त्या दिवशी रिंग रोड मोकळा! आयुष्यात एकदाच मला बेंगळुरूची कोंडी हवी होती, तर ती मेली सुट्टीवर. निखिल गाडी चालवत होता, केळीचे दोन कोंब बोनेटवर डुलत होते, आणि तो सांगत होता की आईबाबांना पुण्याला व्हिडिओ कॉल लावून मुहूर्त दाखवणार आहे. मी प्रत्येक सिग्नलला ठरवत होते, आता सांगते. सिग्नल हिरवा व्हायचा. पंचवीस मिनिटांत पोचलो.

आमच्या शास्त्रात अडकलेले कण म्हणून एक प्रकार असतो. दोन चुंबकी टेकड्यांच्या मधल्या खळग्यात सापडतात आणि इकडून तिकडं, तिकडून इकडं येरझाऱ्या घालतात. खळबळीला खतपाणी घालण्यात त्यांचाही वाटा असतो. वाचणाऱ्याला वाटेल, आता ही बाई स्वतःला त्यांच्या रांगेत बसवणार. नाही बसवणार. त्या बिचाऱ्यांना तोंड नसतं. मला होतं, आणि मी त्यात पेढा घालून उभी होते.

कारखाना ओळखू येत नव्हता. जमीन धुतलेली, मशीनला झेंडूच्या माळा, कंट्रोल पॅनेलवर विभूतीचे तीन पट्टे. अण्णांच्या पत्नीनं मला कुंकू लावलं, ओटी भरली. कामगारांच्या बायका नव्या साड्या नेसून आल्या होत्या. आत, मशीनच्या पोटात, तो पोलादाचा ठोकळा बसवलेला. तो मिळवायला अण्णांनी किती खेटे घातले होते ते मला माहीत होतं. निखिलनं फोन उंच धरला. "मुहूर्त टळायलाय, अक्का," अण्णा म्हणाले. रंगप्पा माझ्या शेजारी आला आणि कुठलं हिरवं बटण ते बोटानं दाखवलं. त्याचं बोट बटणाला लागलं नाही, वरच थांबलं.

दार उघडं होतं. कुणी माझा हात धरला नव्हता. "थांबा, एक बोलायचंय," एवढे तीन शब्द होते. मला आजही कळत नाही की ते तीन शब्द बोलायला मला कसली भीती वाटली. निखिलची? नाही. मला त्या ओटीची भीती वाटली. एवढ्या माणसांनी माझ्यासाठी नवं लुगडं नेसून यावं आणि मी म्हणावं, चुकले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मी बटण दाबलं. कापताना पोलादावर सोडतात ते पांढरं पाणी उडालं, टाळ्या पडल्या.

त्यानंतरचे अकरा दिवस मी ऑफिसात, घरात, लिफ्टमध्ये सगळीकडं कोंडल्यासारखी होते. गणित पुन्हा लावलं, बारकावे वाढवून लावलं. रेघ प्रत्येक वेळी चढली. मी नवस बोलायची तेवढी राहिले. आणि रोज सकाळी साडेनऊला अण्णांचा व्हॉट्सॲपवर फोटो. ठोकळ्यातून साचा बाहेर येतोय. आज एवढा, उद्या तेवढा. खाली लिहिलेलं, "शुभोदय अक्का. तुमचं वाकडं चांगलं निघायलंय." मी रोज त्याला हात जोडल्याचं चित्र पाठवत होते. सासूबाई विचारायच्या, "जेवत का नाहीस गं?" मी म्हणायचे, ॲसिडिटी.

बाराव्या दिवशी निखिलला सांगितलं. मला वाटलं होतं आभाळ कोसळेल. तो खुर्चीत मागं रेलला आणि म्हणाला, "शिट. बरं, एकच साचा लावला होता. आत्ताच अण्णांना थांबवतो. हे आधी कळलं ते बरंच झालं." मग सहज विचारलं, "कधी कळलं तुला?"

"काल," मी म्हटलं.

गरज नव्हती हो. त्यानं माफच केलं होतं. पण तोंडातून निघून गेलं आणि मग त्या "काल"ला चिकटून राहणं आलं.

चार दिवसांनी कारखान्यात गेले. अर्धा कापलेला साचा मागच्या अंगणात ताडपत्रीखाली ठेवला होता. अण्णांनी कॉफी मागवली आणि दार ओढून घेतलं.

"अक्का, एक विचारतो. पूजेच्या दिवशी तुला कायबी ठाऊक नव्हतं न्हवं?"

"नाही, अण्णा."

"तेच म्हटलं मी. ठाऊक असतं तर तू बटण दाबलंच नसतंस." त्यांनी मोठा श्वास सोडला. "मग रंगप्पा म्हणतोय तेच खरं."

मला काही समजेना. मग त्यांनी सांगितलं. काम थांबवा असा फोन आला त्या संध्याकाळी रंगप्पा आपणहून त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. नवमीला, पूजा झाल्यावर, सगळे घरी गेल्यावर, त्यानं मशीन चालू करून टूल एकदा फिरवून बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर काही अडू नये म्हणून. विसाव्याच्या दिवशी यंत्राला हात लावला. "अण्णा, माझ्यामुळं काम बिघडलं," म्हणून तो रडला होता.

"अण्णा, त्याचा काही संबंध नाही! गणितच चुकलं होतं."

"तू शिकलेली हायस, तू असंच म्हणणार. पण बघ, नवमीपर्यंत बरोबर होतं न्हवं? नंतर बिघडलं. मधी काय झालं? एवढंच झालं." ते रागावलेले नव्हते. समजूत घालत होते, माझी. "मी त्याला काढणार न्हाई, घाबरू नको. चांगला माणूस हाय. फक्त नव्या कामाचा पहिला काप आता दुसऱ्याच्या हातनं."

माझ्या एका "नाही"नं त्या माणसाचा गुन्हा पक्का झाला होता. आणि तो सोडवायचा तर आधी स्वतःला चौकात उभं करायला हवं होतं. मी कॉफी प्यायले. मग मागच्या अंगणात जाऊन त्या ताडपत्रीशी उभी राहिले. अण्णांना वाटलं, मला साच्याचं वाईट वाटतंय.

संक्रांतीनंतर एकदा गेले होते तेव्हा दुसऱ्या कुणाच्या कामाचा नारळ फुटत होता. एका तरुण ऑपरेटरनं बटण दाबलं. रंगप्पा मागं कंप्रेसरजवळ भिंतीला पाठ लावून उभा होता, हात पुढं बांधून. मला बघून तो ओळखीचं हसला आणि बसायला खुर्ची आणून दिली. त्या खुर्चीवर मी किती वेळ बसले कुणास ठाऊक. त्या दिवसानंतर मी कारखान्याची कामं फोनवर उरकायला लागले. चोराच्या मनात चांदणं.

वर्षभर मी काम मात्र नीट केलं. आता आम्ही रेघ बसली तरी थांबवत नाही. बसून बसून कंटाळू देतो. एका जागेवर बघून समाधान मानत नाही, पिंजऱ्यातल्या चार ठिकाणी बघतो. नवा आकार पहिल्याइतका देखणा नाही, त्याची रेघ वरच्या पातळीवर हेलकावते, पण जिथं आहे तिथं राहते. माझा तिच्यावर विश्वास आहे. निखिल म्हणतो, गेल्या वर्षीची चूक म्हणजे आमची सगळ्यात मोठी कमाई, लोकांना भाषणातसुद्धा सांगतो. मी त्या भाषणाला मागच्या रांगेत बसते.

आणि आज सकाळी अण्णांचा फोन आला. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते.

"अक्का, नवा ठोकळा लागला मशीनला. परवा दशमी. मुहूर्त साडेदहाचा. बटण तूच दाबायचंस, काय? गेल्या वर्षी आमच्याकडनं अपशकुन झाला. या वर्षी रंगप्पाला मी नवमीला कारखान्यात यायचंच न्हाई म्हणून सांगितलंय. घरीच थांब म्हटलं."

फोन खांद्याशी दाबून धरला होता. हातातला टॉवेल पिळून झाला होता, तरी मी तो पिळत राहिले.

"अण्णा, गेल्या वर्षी बटण दाबलं तेव्हा मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"आकार चुकलाय ते. त्याच दिवशी सकाळी सात वाजता बघितलं होतं. घरून निघायच्या आधी."

पलीकडं मशीनची घरघर चालू होती.

"आणि दाबलंस?"

"दाबलं."

"आणि मी दार लावून विचारलं तेव्हा?"

"खोटं बोलले, अण्णा. रंगप्पानं काहीही केलेलं नाही. त्यानं मशीन फिरवून बघितलं ते चांगलंच केलं."

त्यांचा आवाज अगदी खालच्या पट्टीत आला. "एक वरीस, अक्का. एक वरीस तो भिंतीला टेकून उभा ऱ्हायलाय. मी उभा केलाय त्याला."

"मला बोला, अण्णा. काय वाट्टेल ते बोला."

"तुला काय बोलू?" ते म्हणाले. "परवा जेवायला ये. बटण रंगप्पा दाबेल."

त्यांनी फोन बंद केला नाही. टेबलावर ठेवला असावा, कारण खट्‌ असा आवाज आला आणि त्यांच्या खुर्चीचे पाय फरशीवर घासले. "रंगप्पा, इल्ली बा," त्यांनी हाक मारली. मशीन थांबलं. चपला वाजत जवळ आल्या. अण्णा कन्नडमध्ये काहीतरी सांगायला लागले, अडखळत, थांबत. मशीनला शिव्या घालणारा त्यांचा तो आवाज नव्हताच. मला तुकडे तुकडेच ऐकू येत होते. शेवटचं तेवढं स्वच्छ ऐकू आलं.

"तप्पु नंदु, रंगप्पा."

म्हणजे, चूक माझी. अण्णा ती स्वतःची म्हणत होते. माझं नाव त्यांनी घेतलंच नाही. "अण्णा, अहो अण्णा," मी गॅलरीतून ओरडत राहिले, शेजारचे बघायला लागले, पण फोन तिकडं टेबलावर पडलेला होता आणि त्या दोघांपर्यंत माझा आवाज काही पोचला नाही.